वरून, मधून आणि तळातून

आमच्या शेजारच्या रऊफचाचांना लग्नाला बोलावू नये. बोलावलंच, तर वाढप्यांना आधी कल्पना देऊन ठेवावी. माझ्या पुतणीच्या लग्नात बुंदीची परात समोर आली तेव्हा त्यांनी वाढप्याचा हात धरला आणि म्हणाले, "थांब. थोडी वरून दे, थोडी मधून, थोडी तळातून." मग तिन्हीतला एकेक दाणा चावून, डोळे मिटून त्यांनी निकाल दिला, "तळाला पाक जास्ती झाला. लॉट पास न्हाई." मुलीचे वडील, म्हणजे माझे थोरले दीर, त्यांच्या पाठीमागेच हात जोडून उभे होते.

चाचांची तीस वर्षं जालन्यातल्या एका बियाणे कंपनीच्या प्रयोगशाळेत गेली. पोत्याच्या वरून, मधून आणि तळातून बी काढायचं, ओल्या कागदावर ओळीनं मांडायचं, गुंडाळी करून ठेवायची आणि काही दिवसांनी उघडून उगवलेलं किती ते मोजायचं. निवृत्तीच्या दिवशी कंपनीनं त्यांना शाल दिली, घड्याळ दिलं आणि चिमटा परत घ्यायला विसरली. तो चिमटा आणि एक भिंग आजही त्यांच्या शर्टाच्या खिशात असतं. भाजीबाजारात ते वाटाण्याच्या ढिगात कोपरापर्यंत हात घालतात. भाजीवाल्या त्यांना लांबूनच ओळखतात आणि शेंगांवर ओलं पोतं ओढून घेतात.

अशा माणसाच्या हातात मी माझं ॲप दिलं. माणसाची बुद्धी फिरायला फार मोठं कारण लागत नाही.

मी वाटूरच्या रस्त्यावरच्या एका लहानशा गावात जिल्हा परिषदेच्या शाळेवर पहिली-दुसरीला शिकवते. आमच्या खात्यात दर वर्षी एक वारं येतं. एका वर्षी हात धुण्याचं आलं, एका वर्षी परसबागेचं. त्या वर्षी नवोपक्रमाचं आलं. प्रत्येक शिक्षकानं काहीतरी नवीन करून दाखवावं, त्याचे फोटो काढावेत, अहवाल लिहावा आणि वेळ उरलाच तर मुलांना शिकवावं. मी वाचायला शिकवणारं ॲप केलं. म्हणजे डोकं माझं, आवाज माझा आणि बाकी सगळं माझ्या धाकट्या भावानं केलं. नाव ठेवलं 'चिमणपाटी'. पडद्यावर चित्र यायचं, खाली तीन शब्द. बरोबर शब्दावर बोट ठेवलं की चिमणी माझ्या आवाजात "शाब्बास!" म्हणायची. चुकलं की गाढव ओरडायचं. गाढवाची कल्पना पूर्णपणे माझी होती.

अहवालाच्या शेवटी एक ओळ होती: 'त्रयस्थ निरीक्षकाची सही.' त्रयस्थ, रिकामा आणि शेजारी राहणारा, असा एकच माणूस माझ्या डोळ्यांसमोर आला. चाचांच्या फोनमध्ये मी 'चिमणपाटी' टाकून दिली आणि म्हटलं, "चाचा, एक दिवस शाळेत या, बघा आणि सही करा."

"सही शेवटी," चाचा म्हणाले. "आधी नमुना दाखवा."

दुसऱ्या दिवशी ते त्यांच्या जुन्या मोटारसायकलवरून माझ्याआधी शाळेत पोचलेले होते. मी माझी आठ हुशार पोरं निवडून, तोंडं धुऊन, पहिल्या ओळीत बसवली. चाचांनी त्यांच्याकडे एकदा पाहिलं.

"म्याडम, हे तर समदे वरचेच हायेत."

"म्हणजे?"

"वरचा माल कोणाचाबी चांगलाच असतो. मधले कुठं हायेत? तळाचे?"

तळाचे भिंतीशी बसून एकमेकांच्या पाटीवर थुंकत होते. चाचांनी त्यांतले चार उचलले, मधले चार घेतले आणि माझ्या आठांतले चार परत पाठवले. माझ्या नवोपक्रमाचा तिथेच निम्मा जीव गेला.

पहिलं चित्र अननसाचं होतं. शाळेच्या गावात अननस कोणी पाहिलेला नाही. एक पोरगं म्हणालं, "मक्याच्या कणसाला पानकोबी लागलीय." चाचांनी वहीत काहीतरी लिहिलं. दुसरं चित्र घराचं, उतरत्या लाल कौलांचं, धुरांडं असलेलं. पोरांनी एकमतानं सांगितलं, "ढाबा." चाचांनी पुन्हा लिहिलं.

मग उत्तरं सुरू झाली आणि सगळीच्या सगळी चुकायला लागली. ज्यांना शब्द डोळे झाकून येत होते तीही चुकत होती, आणि हसत होती. मला घाम फुटला. अर्ध्या तासानं चाचा मला दारापाशी बोलावून हळूच म्हणाले, "म्याडम, पोरं पक्की हायेत. गाढव ऐकायसाठी मुद्दाम चुकून राह्यलीत."

गाढव काढलं. त्या जागी माझ्याच आवाजात "पुन्हा बघ" घातलं. आता निकाल झकास आले. मी सहीसाठी पेन पुढे केलं, तर चाचा म्हणाले, "तुम्ही जरा लिंबाखाली जाऊन बसा."

"का?"

"पोरं फोनकडं बघतच न्हाईत. तुमच्या भुवयांकडं बघत्यात. बराबर शब्दावर बोट आलं की तुमच्या भुवया वर जात्यात."

मी लिंबाखाली जाऊन बसले. स्वतःच्या वर्गाबाहेर, स्वतःच्या नोकरीत, एका निवृत्त माणसाच्या हुकमावरून. आत माझा निकाल अळी लागलेल्या कपाशीसारखा बसत गेला. चौथ्या दिवशी माझा तोल सुटला.

"चाचा, हे काय तुमचं सरकीचं पोतं आहे का? लहान मुलं आहेत ती!"

"सरकी असती तर सोपं होतं, म्याडम," चाचा शांतपणे म्हणाले. "सरकी म्याडमला खूश करायसाठी उगवत न्हाई."

मी मनातल्या मनात त्यांना जे बोलायचं ते बोलून घेतलं.

तळाच्या चौघांत पूजा होती. दुसरीत, पण अंगानं पहिलीतली वाटावी अशी. ती फोन बघायची, अगदी टक लावून बघायची, पण हात पाठीमागे बांधून. समोर फोन धरला की बसल्या जागी मागे सरकायची. मी दोन वर्षं तिला शिकवत होते आणि तिचा आवाज मला हजेरीपुरता माहीत होता. मी अहवालात तिच्या नावापुढे 'प्रतिसाद नाही' लिहून टाकलं.

चाचांनी ते वाचलं. "हे खोडा."

"चाचा, ती हातच लावत नाही!"

"म्हणून लिहायचं न्हाई. आपल्याला अजून कळलंच न्हाई, तर लिहायचं कसं?"

अहवाल द्यायला दोन दिवस उरले होते. चाचा रोज येऊन पूजाशेजारी तरटावर बसत. काही शिकवत नसत, विचारत नसत. ती खिडकीबाहेर बघायची, तेही खिडकीबाहेर बघायचे. दोघांचं काय निरीक्षण चाललं होतं ते त्या खिडकीलाच माहीत. शेवटी मी मुख्याध्यापकांकडे गेले. आमचे मुख्याध्यापक सही करताना कागद वाचत नाहीत. वाचला तर सही करावीशी वाटत नाही, असं त्यांचं म्हणणं. त्यांनी त्रयस्थ निरीक्षक म्हणून सही ठोकली. पूजापुढे 'प्रतिसाद नाही' तसंच ठेवून अहवाल रवाना झाला.

चाचांना हे सांगितलं तेव्हा ते एवढंच म्हणाले, "बरं झालं. तुमचं काम झालं." आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा शाळेत हजर. मला वाटलं, रागावलेत आणि मला लाजवायला येतायत. वय झालं की माणसं असे उद्योग करतात.

चार-पाच दिवसांनी मधल्या सुट्टीत सगळी पोरं खिचडीच्या रांगेत होती. मी डबा घ्यायला वर्गाकडे आले आणि दारातच थांबले. आत चाचा आणि पूजा दोघंच होते. चाचांनी खिशातून आपला फोन काढला, हात लांब केला आणि फोन सोडून दिला.

शहाबादी फरशीवर तो खाडकन आपटला. पूजानं दोन्ही हातांनी डोकं झाकून घेतलं आणि अंग आवळून बसली. चाचांनी तिला हात लावला नाही. फोन उचलला, पुसला.

"फुटला," ते म्हणाले. "हे बघ, इथून इथपर्यंत. पन चालून राह्यलाय."

पूजानं कोपराच्या फटीतून पाहिलं.

"माझ्या हातून पडला. मला कोणी मारलं का?"

तिनं आजूबाजूला नीट पाहिलं. दाराकडेही पाहिलं. मी झटकन मागे सरकले, भिंतीला पाठ लावून उभी राहिले.

"आता तुझ्या हातून पडला तरी काय व्हायचं? फुटलेलाच हाय."

बाहेर ताटल्यांचा आवाज चालला होता. मग आतून माझाच आवाज आला, "पुन्हा बघ." थोड्या वेळानं पुन्हा, "पुन्हा बघ." आणि मग पूजाचा, बारीक, "ह्याच्यात म्याडम हायेत?"

"हाव," चाचा म्हणाले. "पन ह्यातल्या म्याडम वरडत न्हाईत."

मी डबा न घेताच परत फिरले.

संध्याकाळी चाचांना विचारलं. तर कळलं, ते येता-जाता पूजाच्या दारात गाडी उभी करत होते. तिच्या आजीनं सांगितलं होतं, की वर्षापूर्वी पोरीच्या हातून बापाचा फोन पडला, काच फुटली आणि बापानं तिला त्याच हातावर मारलं. तेव्हापासून ती फोनलाच काय, कुणाच्या चांगल्या वस्तूला हात लावत नव्हती. तिचं घर शाळेपासून हाकेच्या अंतरावर आहे. मी दोन वर्षांत त्या दारात गेले नव्हते.

"चाचा, हे तुम्हाला माहीत होतं, मग मला का नाही सांगितलं?"

"तुम्ही फॉर्मात लिहिलं असतं," चाचा म्हणाले.

लिहिलं असतं. कोणत्या रकान्यात, तेही मला ठाऊक होतं.

फुटक्या काचेवरून चाचींनी त्यांना आठवडाभर धारेवर धरलं. आमची भिंत सामाईक आहे, त्यामुळे मलाही सगळं ऐकावं लागलं. "दो साल का बच्चा भी फोन सँभालता!" चाचांनी गाडीवरून पडला म्हणून सांगितलं आणि मुकाट्यानं ऐकून घेतलं. माझ्या 'चिमणपाटी'ला उत्तेजनार्थ प्रमाणपत्र मिळालं. त्यावर माझ्या नावापुढे दुसऱ्याच कुणाचं तरी आडनाव आहे.

पूजा मात्र वाचायला लागली. भराभर नाही, बोट ठेवून, अडखळत, चुकलं की फोनकडे बघून आपणच "पुन्हा बघ" म्हणत. मार्चअखेर 'बस', 'गवत', 'खिडकी' असे शब्द ती भिंतीवरून, खताच्या पिशवीवरून, कुठूनही वाचायची. चाचा तिच्यासमोर बसून ऐकत राहायचे.

मग उन्हाळ्याची सुट्टी लागली. पहिल्याच दिवशी सकाळी साडेनऊला दाराची कडी वाजली. चाचा उभे होते. इस्त्रीचा शर्ट, पायात बूट, हातात गाडीची किल्ली.

"चाचा, आजपासून सुट्टी आहे."

"ठाऊक हाय ना," ते घाईनं म्हणाले. "सहज आल्तो."

मी त्यांना आत बसवलं, चहा दिला. त्यांनी चहा बशीत ओतला.

"सुट्टी किती दिवस?"

"जूनच्या मध्यापर्यंत."

"लई झाली." मग म्हणाले, "ल्याबमधी आमचं कसं होतं ठाऊक हाय का बेटा? बी उगवलं की मोजायचं. मोजून झालं की समदे अंकुर कचऱ्याच्या टोपल्यात. चांगले, हिरवेगार. रोज. तीस वर्षं मी उगवलेलं टाकून दिलं. एकाला पानं फुटलेली बघितली न्हाईत."

बारा वर्षांच्या शेजारात त्यांनी मला पहिल्यांदा 'बेटा' म्हटलं होतं. त्यांना मूलबाळ नाही, हे मला बारा वर्षं माहीत होतं. म्हणजे, एखाद्याचा घरनंबर माहीत असतो तसं.

चाचांनी चहा संपवला आणि उठले. "चलतो. चाची वाट बघून राह्यली असंल."

चाची आदल्या दिवशीच कुंभार पिंपळगावला भावाकडे गेल्या होत्या. दुपारची बस होती. जाताना माझ्या दारात थांबून, महिनाभर येणार नाही, ह्यांच्याकडे लक्ष ठेवा, असं सांगून गेल्या होत्या.

"बसा हो चाचा," मी म्हटलं. "चहात साखर कमी पडली होती. पुन्हा ठेवते."

ते लगेच बसले.