हरनामला राखणारे आप्पा

मन्मथआप्पा कुणाशीही बोलायला लागले की त्याच्यापासून बरोबर हातभर अंतरावर उभे राहत, गुडघे जरासे वाकवत, दोन्ही हात बाजूला पसरत आणि बोलायच्या आधी त्याचा श्वास ऐकत. समोरचा डावीकडे सरकला की आप्पा डावीकडे, उजवीकडे सरकला की उजवीकडे. सुटका नाही. लातूरच्या गंजात, म्हणजे धान्यबाजारात, त्यांचं सरकी-पेंडेचं दुकान होतं. म्हशीसाठी पेंड घ्यायला आलेल्या माणसालाही ते असंच धरून ठेवत. गिऱ्हाईक निघायला बघतंय आणि दुकानदार वाट अडवून उभा आहे, असं दुसरं दुकान काही मी पाहिलं नाही.

ऐकून झालं की निकाल. "तोंड लबाड असतंय मास्तर, दम लबाड नसतोय," हे त्यांचं पालुपद. आमच्या हेडमास्तरांना एकदा त्यांनी भर बाजारात सांगितलं, "साहेब, तुमचा दम आज वरच्या वर चाललाय. खाली उतरून न्हाई राहिला." हेडमास्तर तडक घरी गेले आणि तीन दिवस अंथरुणातून उठले नाहीत. चौथ्या दिवशी डॉक्टरांनी तुम्हाला काहीही झालेलं नाही असं सांगितलं, तर ते डॉक्टरांवरच चिडले.

मी तर आप्पा दिसले की गल्ली बदलायचो. मी मुळातच भित्रा माणूस. शाळेत चित्रकला शिकवायचो, आणि शिकवताना वर्गाकडे तोंड करण्यापेक्षा फळ्याकडे तोंड केलेलं मला बरं वाटायचं. अशा माणसानं या बाबाला आपला श्वास का म्हणून ऐकू द्यावा?

आप्पांच्या या खोडीचं मूळ बास्केटबॉलमध्ये होतं. चाळिशी उलटली तरी ते खेळत होते. लातूर जुन्या उस्मानाबाद जिल्ह्यात होतं तेव्हापासून नांदेडविरुद्धच्या प्रत्येक मॅचला त्यांच्याकडे एकच काम असे, हरनामसिंगला राखायचं, त्याला चिकटून राहून अडवायचं. हरनाम हा नांदेडचा हुकमी खेळाडू. आप्पांच्याच वयाचा, उंच, हसऱ्या तोंडाचा. आणि नांदेडकडून आप्पांना राखायचं काम हरनामकडे. दोघं पंधरा वर्षं एकमेकांसमोर हातभर अंतरावर उभे राहिले होते. "घरात मंडळीसुद्धा इतका वेळ समोर उभी राह्यली न्हाई," आप्पा म्हणायचे. हरनामच्या जेवणात कांदा जास्त झालाय, त्याच्या मुलीचं लग्न ठरतंय, तो उजवीकडून जाणार असेल तर आधी नाकानं श्वास ओढतो, हे सगळं त्यांना ठाऊक होतं. मात्र दोघं मैदानाबाहेर कधी पाच मिनिटं बोलल्याचं कुणाला आठवत नव्हतं.

मग लातूर वेगळा जिल्हा झाला. गुलाल उधळून झाला, आणि त्यामागून दुष्काळ आला. नळ दहा दिवसांनी यायचा. मांजरेच्या पात्रात पोरं सायकली चालवायची. आमच्या मैदानावरचा मुरूम पाणी मारल्याशिवाय बसत नाही, आणि प्यायला पाणी नाही तिथं मुरमाला कोण देणार? बॉल एकदा आपटला की धुळीचा असा लोट उठे की तो पुन्हा वर येईपर्यंत दिसत नसे. अशा दिवसांत नव्या जिल्ह्याची पहिली टीम निवडायची होती. अक्षर बरं म्हणून मला संघटनेचा सचिव केलं होतं. जुन्या लेटरहेडवरचं 'उस्मानाबाद' खोडून वर 'लातूर' लिहायचं आणि बनियनवर पिवळ्या रंगानं जिल्ह्याचं नाव रंगवायचं, एवढंच माझं काम असेल असं मला वाटलं होतं.

निवडीची बैठक शाळेच्या एका वर्गात झाली. आम्ही तिघं. अध्यक्ष वकीलसाहेब, प्रशिक्षक जाधव सर आणि मी. पहिलीच मॅच नांदेडशी, नांदेडात. गाडी आप्पांच्या नावावर अडली.

"तीन वर्षांत या माणसानं एक बास्केट टाकलेली नाही," जाधव सर म्हणाले. "एके काळी वीस-वीस पॉइंट करायचे. आता हातात बॉल आला की विंचू आल्यासारखा दुसऱ्याला देतात. त्यांना घेणं म्हणजे चौघांनी खेळणं."

"हरकत आहे," वकीलसाहेब म्हणाले. ते घरात चहा मागतानाही हरकत घेत. "तीन वर्षांपूर्वी हरनाम आपल्यावर किती करायचा? वीस-बावीस. आता? सहा, फार तर आठ. ते चौदा पॉइंट कुणाच्या खात्यावर मांडायचे?"

"न झालेले पॉइंट बोर्डावर लिहीत नाहीत, साहेब."

"न झालेला खून कोर्टातही लिहीत नाहीत. म्हणून काय पोलीस काढून टाकायचे?"

हे तासभर चाललं. स्वतः काही न करता दुसऱ्याला करू न देणाऱ्या माणसाची किंमत काय, यावर दोघांनी इतका घसा कोरडा केला की घरून आणलेला पाण्याचा तांब्या संपला, आणि त्या दिवसांत तांब्या संपणं ही गंमत नव्हती. शेवटी जाधव सरांनी आपला बेत सांगितला. उदगीरचा एक नवा, चपळ गडी हरनामच्या अंगावर सोडायचा. "हरनामचं वय झालंय. त्याला पळवायचा. चाळीस मिनिटं उन्हात नुसता पळवून पळवून मारायचा."

खिडकीबाहेर काहीतरी पडल्याचा आवाज आला. मी डोकावलो. आप्पा उभे होते. त्यांची सायकल आडवी पडली होती आणि चेहऱ्यावरचा रंग पार उडाला होता. निर्णय दुसऱ्या दिवसावर गेला.

सकाळी सातलाच आप्पा माझ्या दारात हजर. गुडघे वाकवलेले, हात पसरलेले. मी आत पळायच्या बेतात होतो, पण ते माझा श्वास ऐकत नव्हते. त्यांचाच लागला होता.

"मास्तर, मला घ्या. या एका मॅचपुरतं घ्या. पाया पडतो."

मला वाटलं, म्हाताऱ्याला हौस सुटत नाही. मी चाचरत म्हणालो, "आप्पा, नव्या लोकांनाही संधी..."

"हौस न्हाई हो! हरनामची छाती वाजून राहिलीय."

मग ते उंबऱ्यावरच बसले आणि सांगत गेले. तीन वर्षांपूर्वी नांदेडच्या मैदानावर, एका बास्केटसाठी दोघं जीव तोडून पळाले. थांबले तेव्हा आप्पांना ती ऐकू आली. बारीक शीळ. श्वास आत जाताना एक, बाहेर येताना एक. त्यांचे वडील अशाच शिळेनंतर सहा महिन्यांत गेले होते. पुढच्या मॅचला तीच शीळ, आणखी मोठी.

"तवापासून मी बास्केटकडं पळत न्हाई. मी पळालो तर त्याला मागं पळावं लागतंय. मी उभा, तर तोबी उभा. त्याला बॉलबी येऊ देत न्हाई. बॉल आला तर पळंल की. लोक म्हणतात आप्पा संपला. म्हणू द्या. पर हा उदगीरचा गडी त्याला पळवंल, मास्तर. अन् अवंदाचं ऊन तुम्ही बघून राहिलात."

"पण मग हरनामलाच का सांगत नाही?"

"कसं सांगू? खेळावर नोकरी लागलीय त्याला. कुणी ऐकलं तर? अन्..." आप्पा थांबले. "लई भ्या वाटतंय हो. तोंडातून शब्द काढला तर खरंच होऊन बसंल."

ही भीती माझ्या ओळखीची होती. पण आता ती माझ्याही घरात येऊन बसली होती. दुपारी मी बैठकीत आयुष्यात पहिल्यांदा कुणासमोर आवाज चढवून बोललो. नव्या जिल्ह्याची इज्जत, अनुभव, परंपरा, असं काहीबाही मी बरळत होतो. वकीलसाहेब खूश झाले, जाधव सर थक्क झाले. दोन विरुद्ध एक मतांनी आप्पा संघात आले.

नांदेडची मॅच चार वाजता सुरू झाली. गोदावरीत नावापुरती धार उरली होती आणि वारा भट्टीतून यावा तसा येत होता. मी आयुष्यात खेळ पुष्कळ पाहिले, पण त्या दिवशी मी बॉल पाहिलाच नाही. मी फक्त हरनामची छाती पाहत होतो. तो एक पाऊल पुढं आला की मी जागेवरून उठे. त्यानं घाम पुसला की मला वाटे, झालं, आता बसतो. एकदा तो बुटाची नाडी बांधायला खाली वाकला, तर मी ओरडलोच. पंचांनी मला बाहेर काढायची धमकी दिली.

बाकीचे आठ जण धुळीत धावत होते, आणि ही दोन माणसं एका कोपऱ्यात हातभर अंतरावर, पाहुण्यांनी जेवणाच्या पंगतीत एकमेकांना आग्रह करावा तशी हळूहळू सरकत होती. प्रेक्षक चिडले. "ए आप्पा, खाट आणून देऊ का?" असं कुणीतरी ओरडलं. जाधव सरांनी टोपी जमिनीवर आपटली. आप्पांच्या हातात दोनदा बॉल आला, समोर मोकळी बास्केट होती, आणि त्यांनी दोन्ही वेळा तो घाईघाईनं दुसऱ्याला दिला. आम्ही चार पॉइंटनी हरलो. हरनाम स्वतःच्या पायांनी मैदानाबाहेर आला आणि मला हरल्याचं सुख झालं.

मी पाण्याच्या पिंपाशी उभा होतो. हरनाम तिथं आला. इकडेतिकडे बघत त्यानं मला बाजूला घेतलं.

"मास्टरजी, एक बात सांगू? कुणाला बोलायचं नाही."

मला वाटलं, आता हा कबूल करणार. 

"तुमच्या आप्पाची तबियत ठीक नाही. तीन साल झाले, त्यांची छाती वाजते. शीळ येते. मी इतका जवळ असतो, मला ऐकू येतं ना! म्हणून मीच हळू खेळतो. मी जोरात गेलो तर तेपण पळतील, जिद्दी आदमी आहे. तुम्ही त्यांना टीममधून काढू नका. नवा जिल्हा, नवी टीम, त्यांचं दिल तुटेल. पण दवाखान्यात न्या. मला डर वाटतो."

मी पिंपाला धरून उभा राहिलो. म्हणजे वकीलसाहेबांनी आप्पांच्या खात्यावर मांडलेले ते चौदा पॉइंट हरनामनंच सोडले होते. पण ते राहू दे. शीळ एक होती, ऐकणारे दोघं होते आणि दोघांनाही ती समोरच्याची वाटत होती. मग वाजत होती ती कुणाची?

भित्रा माणूस खोटं पटकन बोलतो. मी हरनामला सांगितलं, आप्पा दवाखान्यात यायला तयार आहेत, पण एकट्यानं भितात, तुम्ही सोबत असाल आणि आधी स्वतःला तपासून घ्याल तरच येतील. मग आप्पांकडे गेलो आणि हरनामचं नाव घालून तेच सांगितलं. "तयार झाला?" आप्पांनी माझे दोन्ही हात धरले. "मग माझं काय, हजारदा तपासा!" हरनाम तर त्यांना मुक्कामाला घरीच घेऊन गेला.

दुसऱ्या दिवशी सकाळी नांदेडच्या एका दवाखान्यात आम्ही बाकावर बसलो. मी मधे, दोघं दोन बाजूंना. जिना चढून आलो होतो. वीज गेलेली, पंखा बंद, आणि त्या शांततेत मला ती ऐकू आली. बारीक शीळ. आत जाताना एक, बाहेर येताना एक. मी मान वळवायचं धाडस केलं नाही. डॉक्टर दारात आले, म्हणाले, "पेशंट कोण?" दोघांनीही एकमेकांकडे बोट दाखवलं. डॉक्टरांनी हसून दोघांनाही आत घेतलं.

मी एकटा उरलो. अर्धा तास म्हणजे किती असतो ते मला त्या बाकावर कळलं. समोरच्या भिंतीवर एक पाल होती, ती हलली तरी माझा जीव वर येई. यातला एक तरी वाईट तोंड करून बाहेर येणार हे नक्की होतं, आणि कोण यावा असं आपल्याला वाटतंय, हा विचार मनात आल्याची मला लाज वाटली.

दार उघडलं. आधी आप्पा आले. त्यांचा चेहरा इतका उजळलेला मी कधीच पाहिला नव्हता. ते थेट माझ्याकडे आले. हात पसरले नाहीत, गुडघे वाकवले नाहीत. त्यांनी मला मिठीच मारली.

"मास्तर, ठणठणीत हाय हो! हरनामला कायबी झालं न्हाई. घोड्यावानी छाती हाय म्हणले डॉक्टर. तीन वर्सं उगंच जीव टांगला होता माझा."

"आणि तुमचं?" मी विचारलं.

"माझं होय? निघालंय कायतरी. सरकीची धूळ बसलीय म्हणले छातीत, अन् काळीज थकलंय म्हणं. लिहून दिलंय सगळं." त्यांनी हात झटकला. "ते बघू मागनं. आधी चला, त्याला चहा पाजू."

त्यांच्या मागून हरनाम बाहेर आला. आप्पांचे कागद त्याच्या हातात होते, आणि तो एवढा मोठा माणूस भिंतीकडे तोंड करून रडत होता.