तिसऱ्या नळाचं ताक

माझा मूळ विचार फक्त चार फळ्यांचा होता. हे आधीच सांगून ठेवतो, कारण पुढे त्यात ताक आलं, सोड्याचा गॅस आला, शेवटी जर्मनीसुद्धा आली, आणि त्यातलं मला काहीच कळत नाही. मला लाकूड कळतं. चौथीत शाळा सुटली (म्हणजे शाळा तिथेच आहे, मी सुटलो) तेव्हापासून हातात रंधा आहे. कराडात चाळीस वर्षं मी लोकांच्या घरांना दारं-खिडक्या बसवल्या.

सहा महिन्यांसाठी आम्ही दोघं लेकीकडे आलो होतो, मिशिगनमध्ये, नोव्हायला. आश्लेषा रोज ऑफिसला जाताना सांगून जायची, "अण्णा, तुम्ही फक्त आराम करा." चाळीस वर्षं काम केलेल्या माणसाला आराम करायला सांगणं म्हणजे बैलाला झोपाळ्यावर बसवणं. बैलही अवघडतो आणि झोपाळाही. दोन महिन्यांत मी घरातली सगळी दारं तपासली. एकही कुरकुरत नव्हतं. मला फार वाईट वाटलं.

अशात एका शनिवारी जावई एक पेटी घेऊन आले. आइस्क्रीमवाल्याकडे असतो तसला आडवा फ्रीझर, वरून झाकण उघडायचं. शंतनूराव मोटारींच्या ब्रेकचे इंजिनिअर, आणि सुट्टीच्या दिवशी गॅरेजमध्ये बिअर बनवतात. गव्हाची, जवाची. आधी मी दचकलो होतो. पण ते ज्या निगुतीने हंडे धुवायचे, दाणे मोजायचे, घड्याळ लावून ढवळायचे, ते बघून मला माझे जुने दिवस आठवले. काम करणारा माणूस कळतो. काय करतो, हा पुढचा प्रश्न.

"अण्णा, यात बिअरची पिंपं ठेवायची," ते म्हणाले. "हा थर्मोस्टॅटचा डबा लावला की बर्फ होणार नाही, नुसतं गार राहील. बाहेर नळ. ग्लास धरायचा, नळ ओढायचा. पण फ्रीझरच्या भिंतीला भोक पाडता येत नाही. आत गॅसच्या नळ्या आहेत, एक फुटली की संपलं. म्हणून पेटी आणि झाकण यांच्यामध्ये लाकडी चौकट बसवतात. नळ त्या चौकटीत."

"कोण बसवतं?"

"मी बघतो. चार फळ्या, आठ स्क्रू."

स्क्रू हा शब्द ऐकला आणि मी उठून उभा राहिलो. म्हणालो, "राहू द्या. चौकट मी करतो."

एवढंच माझं म्हणणं होतं.

त्यांनी ओकच्या फळ्या आणल्या. मी आठ दिवस घेतले. एक स्क्रू नाही, एक खिळा नाही, कोपऱ्यात खाचेला खाच बसवली. काटकोनाला गुण्या लावून बघितला, केसाचा फरक नाही. झाकण ठेवलं तर असं बसलं, जणू फ्रीझर चौकटीसकट जन्माला आला होता. शंतनूरावांनी चौकटीवरून दोनदा हात फिरवला. मग म्हणाले, "अण्णा, आता बिअरपण तशीच व्हायला पाहिजे."

त्याचं कारण होतं. तीन आठवड्यांनी त्यांच्या बिअरवाल्या क्लबाची स्पर्धा होती. गेल्या वर्षी परीक्षकाने कागदावर लिहून दिलं होतं, 'चूक काही नाही. लक्षात राहण्यासारखंही काही नाही.' तो कागद त्यांनी भिंतीला टाचून ठेवला होता. वर्षभर माणूस त्या कागदाकडे बघत बिअर ढवळत होता. या वेळची गव्हाची बिअर त्याला उत्तर होती, आणि ती माझ्या चौकटीतून बाहेर येणार होती. म्हणजे आता माझीही इज्जत त्या पिंपात होती.

नळांसाठी मी भोकं मात्र तीन पाडली. दोन पाडली असती तर ती पेटी डोळे वटारून बघतेय असं वाटलं असतं. पहिल्या नळाला गव्हाची बिअर. दुसऱ्याला काळी, ती अजून तयार व्हायची होती. तिसरा रिकामा. पिंपातलं नळापर्यंत ढकलायला सोड्याच्या गॅसचा एकच सिलिंडर, बाहेर ठेवलेला, आणि त्याच्या नळीला तीन फाटे, पिंपागणिक एक.

आमची शोभा या सगळ्यापासून लांब होती. तिचं म्हणणं एकच. "जावई दारू गाळतो आणि सासरा त्याला देव्हारा करून देतो. कराडात सांगू नका कुणाला."

मी कुठे सांगतोय. पण एकदा ती गॅरेजमध्ये कपड्यांची टोपली घेऊन उभी असताना तिच्या बहिणीचा, उल्काचा, व्हिडिओ कॉल आला.

"अगं ताई, तुझ्या मागे ते काय? तीन तीन नळ?"

शोभाने मागे बघितलं, माझ्याकडे बघितलं आणि म्हणाली, "ते होय? ताकाचं मशीन."

"ताकाचं?"

"इकडे असतंच सगळ्यांकडे."

"मग काढून दाखव की."

"आज नाही. आज सोमवार."

(सोमवारी ताक का काढू नये, हे उल्काने विचारलं नाही आणि मीही विचारलं नाही. छत्तीस वर्षांच्या संसारात एवढं शिकलोय.)

फोन ठेवून शोभा म्हणाली, "अहो, तो तिसरा रिकामाच आहे ना?"

शंतनूराव तेव्हा कंपनीच्या कामासाठी टेनेसीला गेले होते, स्पर्धेच्या आदल्या दिवशी यायचे होते. मी फोन केला. ते खूप हसले. म्हणाले, "करा की अण्णा, धमाल येईल. फक्त ताक नीट गाळून घ्या. आणि पिंप पूर्ण भरू नका हां, वर चार बोटं जागा ठेवा."

शोभाने मोठं पातेलंभर दही घुसळलं. आलं, सैंधव, धने-जिऱ्याची पूड, वर हिंग. पंच्यातून दोनदा गाळलं. मी पिंपात ओतायला लागलो आणि शेवटी हात थांबला. चार बोटं रिकामी? उल्का बघणार होती. आमच्याकडे पाहुण्याच्या पेल्यात अर्धं बोट कमी दिसलं तरी तो घरी जाऊन सांगतो. मी काठोकाठ भरलं. झाकण लावलं, गॅस जोडला, दुसऱ्या दिवशी नळ ओढला. वर पांढराशुभ्र फेस.

"अगं बाई, फेससुद्धा येतो," कराडातून उल्का म्हणाली. "केवढ्याला पडतं गं?"

शोभाचा चेहरा असा झाला होता की चौकटीचं श्रेयही तिनेच घेतलं असतं तर मी दिलं असतं.

आता माझ्या चुकीकडे येतो. चूक एक नव्हती, दोन होत्या, पण दुसरी मला चूक वाटतच नव्हती. घरी सिलिंडर असला की काम झाल्यावर त्याची चावी बंद करायची, हे आमच्या हाडात आहे. शोभाने आयुष्यात मला 'जेवलात का' पेक्षा 'सिलिंडर बंद केला का' जास्त वेळा विचारलंय. तेव्हा हाही सिलिंडर मी रोज बंद करायचो. पिंपात गॅस भरलेलाच असायचा, नळ चालायचा. मग उघडा ठेवायचा कशाला?

आणि नळ तर मी रोज चालवत होतो. शेजारी वॉल्ट नावाचे गृहस्थ राहतात, मोटारीच्या कारखान्यातून रिटायर झालेले. माझी तीन इंग्रजी वाक्यं आहेत: ओके, व्हेरी गुड, कम कम. त्यातल्या शेवटच्याने मी त्यांना गॅरेजमध्ये आणलं. चौकट दाखवली. त्यांनी कोपऱ्यावर बोट फिरवलं आणि हळूच शीळ घातली. त्या शिळेवर मी इतका खूश झालो की पहिल्या नळाचा एक ग्लास त्यांना दिला. दुसऱ्या दिवशी ते भावाला घेऊन आले. तिसऱ्या दिवशी भाचा. मी स्वतः घेत नाही, पण नळ किती गुळगुळीत चालतो हे दाखवायला काढावी तर लागते. स्पर्धेपुरती ठेवून मी काढत होतो, हिशेबाने.

शुक्रवारी संध्याकाळी जावई आले. शनिवारी सकाळी स्पर्धेच्या बाटल्या भरायला नळ ओढला.

बिअर सोनेरी असायला हवी होती. ती दुधाळ आली. शंतनूरावांनी वास घेतला. एक घोट घेतला. मग जी मुद्रा झाली, ती मी आमच्या गावच्या सोनाराची बघितली आहे, खोटं नाणं चावल्यावर.

"अण्णा, यात हिंग आहे."

मी म्हटलं, "नसेल."

त्यांनी तिसरं पिंप उघडलं. ताक पाच बोटं उतरलं होतं. आम्ही प्यालो होतो फार तर दोन पेले. मग त्यांनी गॅसची पारदर्शक नळी हातात धरली. आतून पांढरी. या पिंपापासून त्या पिंपापर्यंत.

"सिलिंडर कुणी बंद केला होता?"

"मी. रोज."

"आणि बिअर काढली?"

"तीही रोज."

ते खाली बसले आणि त्यांनी मला समजावून सांगितलं, लहान मुलाला सांगावं तसं. सिलिंडर बंद, त्यात बिअर काढत राहिलो, तेव्हा तिच्या पिंपातला गॅसचा जोर उतरला. ताकाच्या पिंपात जोर होता तसाच, आणि ताक गॅसच्या तोंडापर्यंत भरलेलं. ते नळीत चढलं आणि शेजारी गेलं. थोडं थोडं, आठवडाभर.

"राहू द्या अण्णा," ते म्हणाले. "पुढच्या वर्षी बघू."

ते ओरडले असते तर बरं झालं असतं. त्यांनी फोन काढला आणि क्लबाला नाव मागे घेतो म्हणून लिहायला लागले. मी भिंतीवरच्या कागदाकडे बघत उभा राहिलो. एक वर्ष त्या माणसाने घातलं होतं आणि मी आठ दिवसांची चौकट करून त्यात हिंग टाकला होता.

तेवढ्यात वॉल्ट आले, रोजच्या वेळेला, स्वतःचा ग्लास घेऊन. कुणी काही बोलायच्या आत त्यांनी नळ ओढला, प्यायले आणि काहीतरी लांबलचक बोलले.

"काय म्हणतात?" मी आश्लेषाला विचारलं.

"म्हणतायत, सोमवारी ही बिअर साधी होती. बुधवारी बरी लागली. कालपासून मला झोपेतही आठवते. शंतनू, तू टेनेसीत बसून हिला रोज काय करत होतास?"

शंतनूराव फोनवर अंगठा धरून थांबले. मग पुन्हा एक घोट घेतला. या वेळी डोळे मिटून.

"यार आशू," ते म्हणाले, "हे आंबट आहे, पण वाईट नाहीये."

"घेऊन चल," आश्लेषा म्हणाली. "वाईटात वाईट काय होईल, लक्षात तरी राहील."

हॉलमध्ये मी आणि शोभा मागच्या रांगेत बसलो. शोभा आयुष्यात पहिल्यांदा दीडशे बिअरवाल्यांमध्ये बसली होती, पदर घट्ट धरून. आमचा ग्लास आला तसा पांढऱ्या दाढीचा परीक्षक थबकला. हुंगलं. प्यायला. शेजारच्याला दिलं. दोघं कुजबुजले, तिसऱ्याला बोलावलं. मी शोभाला म्हटलं, "पोलिसांना बोलावतील का?" ती म्हणाली, "मी ताक केलंय. मला कशाला धरतील."

दुसरा नंबर आला.

आश्लेषाने परीक्षकाचा कागद वाचून दाखवला. जर्मनीत म्हणे गव्हाच्या बिअरची एक जुनी जात आहे, गोझ नावाची. आंबट, खारट, वर धने. ती नीट जमवणं अवघड. ती यांना अचूक जमली आहे. शिवाय शेवटी एक वास येतो, तो ओळखता येत नाही, पण सोडवतही नाही.

दाढीवाले नंतर शंतनूरावांना गाठून विचारत होते, आंबटपणा इतका स्वच्छ आणला कसा? कुठलं कल्चर, म्हणजे विरजण, वापरलं? शंतनूरावांनी शोभाला पुढे केलं. "यांचं आहे. कराडचं." दीडशे माणसांनी टाळ्या वाजवल्या. शोभाने नमस्कार केला. घरी येऊन तिने उल्काला फोन लावला, "अगं, ताकाला अमेरिकेत नंबर आला." खोटं एका शब्दाचंही नव्हतं.

मला कुणी काही विचारलं नाही. पण संध्याकाळी परत जाताना ते दाढीवाले आमच्या घरी आले, फ्रीझर बघायला, आणि चौकटीपाशी चक्क गुडघ्यावर बसले. कोपरे बघितले, स्क्रू शोधले, सापडले नाहीत. शंतनूराव त्यांना म्हणाले, "माझ्या सासऱ्यांनी केलंय." मला तेवढं इंग्रजी कळलं. व्हेरी गुड, असं मीच म्हणालो.

दुसऱ्या दिवशी सकाळी जावई माझ्याकडे आले. "अण्णा, अजून एक काम होतं. तुमच्याशिवाय कुणाला जमणार नाही. गॅसच्या सिलिंडरला एक पेटी हवी. ओकचीच. झाकण, कडी आणि चांगलं कुलूप."

जमणार नाही म्हणजे काय. मी सहा दिवस लावले. चौकटीपेक्षा सरस काम झालं. पितळी बिजागऱ्या, झाकण नुसत्या बोटाने उघडतं, बंद होताना आवाज नाही. सगळं घर गॅरेजमध्ये बघायला जमलं. शंतनूरावांनी सिलिंडर आत ठेवला, चावी पूर्ण उघडली, झाकण लावलं आणि कुलूप घातलं. किल्ल्या दोन होत्या. एक त्यांनी खिशात टाकली. दुसरी शोभाने कमरेला खोचली.

तेव्हा माझ्या ध्यानात आलं, ही पेटी कुणासाठी केली ते.

पण काम म्हणून सांगतो, तसली पेटी सगळ्या नोव्हायमध्ये नसेल. नळी बाहेर यायला तेवढं एक भोक ठेवलंय, अगदी बेताचं. त्यातून हात आत जात नाही. मी घालून पाहिलाय.