उमाकांतची दुपारची आंघोळ

उमाकांतनं मिशी काढली तेव्हाच सुखदाला पहिली शंका आली. चामराजपेटेतल्या मेडिकल दुकानात दोघं फार्मासिस्ट म्हणून शेजारी शेजारी उभे असायचे. महिन्यापूर्वी तो बोम्मसंद्र्याच्या औषध कारखान्यात लागला आणि बदललाच. लग्नातली अंगठी घरी ठेवून जायचा. फोन दिवसभर बंद. आणि संध्याकाळी परतायचा तो आंघोळ करून, भलत्याच साबणाच्या वासात!

“अहो, तिथं नेमकं करता तरी काय?”

“ते सांगता येत नाही. गुप्ततेच्या कागदावर सही केलीय.”

“बायकोलासुद्धा नाही?”

“बायको सोडून, असं त्यात लिहिलेलं नव्हतं.”

शेवटी सुखदानं दुकानाच्या मालकांना फोन करून आपल्याला ताप आल्याचं सांगितलं. “कपाटातली गोळी घे आणि उभी राहा,” मालक म्हणाले. तिनं बोम्मसंद्र्याची बस धरली.

फाटकावरचा वॉचमन नागराज निपाणीकडचा निघाला. “उमाकांत सर? स्वल्प थांबा अक्का, आंघोळीला गेलेत.”

“भरदुपारी? कुणाबरोबर?”

“अनुषा मॅडमची सगळी टीम गेलीय की.”

सुखदा तरातरा आत शिरली. समोरून एक तरुणी ओले केस पुसत आली. “मी अनुषा. काय झालं?”

“माझ्या नवऱ्याला मिशी काढायला तुम्ही सांगितलंत?”

“हो.”

“अंगठीही?”

“हो, मीच.”

“आणि आंघोळ? तीही तुमच्याबरोबरच?” सुखदानं विचारलं. अनुषाच्या ध्यानात आलं. हसू दाबत तिनं सुखदाला काचेपाशी नेलं. पलीकडे डोक्यापासून पायापर्यंत पांढऱ्या कपड्यात गुंडाळलेली माणसं होती. बाई कोण, बुवा कोण, कळायची सोय नव्हती. “इथं हॉर्मोनच्या गोळ्या बनतात. दाढीमिशी, दागिने, फोन काही चालत नाही. बाहेर पडताना, अगदी जेवायला जातानासुद्धा, औषधाची पूड अंगावर राहू नये म्हणून आंघोळ सक्तीची. बायकांची त्या टोकाला, पुरुषांची ह्या.”

तेवढ्यात ओल्या डोक्याचा उमाकांत आला. सुखदाला पाहून पांढराफटक पडला. “मॅडम, मी हिला एक अक्षर सांगितलेलं नाही!”

अनुषानं दोघांना कॅन्टीनमध्ये नेलं. सुखदानं भोवती पाहिलं. सगळे बसून जेवत होते. दुकानात काउंटरखाली डबा ठेवून, दोन गिऱ्हाइकांच्या मधे एक घास गिळायची तिला सवय. इथं “अक्का, खोकल्याचं द्या” म्हणत कुणीच आलं नाही. ती दहीभातापर्यंत पोचली आणि अनुषाकडे सरकली.

“मॅडम, इथं एखादी जागा आहे का हो?”

उमाकांतचा घास हातातच राहिला. “माझ्यावर लक्ष ठेवायला?”

“छे हो,” सुखदा ताट पुढं करत म्हणाली, “जेवायला.”