पन्नास चोक दोनशे

संगीताच्या नव्या शिक्षकाला वर्षभर सोबत करण्यासाठी आपली नेमणूक झाली आहे, हे अहिरेबाईंना कळलं तेव्हा त्या जव्हारच्या शाळेच्या प्रयोगशाळेत परीक्षानळ्या धूत होत्या. बातमी घेऊन केंद्रप्रमुख श्रीकृष्ण सर स्वतः आले होते. वाईट बातमी ते नेहमी स्वतः आणत आणि दारातच उभं राहून सांगत, म्हणजे निघायला सोपं.

"सर, मी विज्ञान शिकवते," अहिरेबाई म्हणाल्या.

"ध्वनी कुठल्या विषयात येतो, मॅडम?"

"सर, मला सूर कळत नाही. राष्ट्रगीत चालू आहे हेसुद्धा मला लोक उभे राहिले की कळतं."

"मॅडम, मार्गदर्शन करायचंय. गायचं नाहीये," असं म्हणून सर गेले.

योजनेचं नाव 'सूरसोबत'. नव्या संगीतशिक्षकाच्या तासाला अनुभवी शिक्षकाने आठवड्यातून एकदा बसायचं आणि त्याला धीर द्यायचा. जव्हार-मोखाड्यात अनुभवी संगीतशिक्षक एकही नव्हता. तेव्हा निकष जरा सैल करून वीस वर्षांची नोकरी, चौकशी चालू नसणे आणि स्वतःची दुचाकी असे ठेवले गेले. अहिरेबाई तिन्हींत बसल्या. त्यातली दुचाकी त्यांनी आदल्याच महिन्यात घेतली होती, याचं त्यांना पुढे बरेच दिवस वाईट वाटलं.

त्यांच्या वाट्याला खोडाळ्याची एक शाळा आणि तिथला रूपेश भोये आला. रूपेश जामसरचा, चोवीस-पंचवीस वर्षांचा, कंत्राटी. याआधी त्याने वसईला एका मंडपवाल्याकडे स्पीकर उचलले होते. पहिल्याच दिवशी तो म्हणाला, "मॅडम, वर्षाअखेर प्रात्यक्षिक पाठ असतो. तो चांगला झाला तर मला ठेवतील. नाय तर परत स्पीकर."

अहिरेबाईंनी हेल्मेट काढता काढता हिशोब केला. पाठ चांगला झाला तर हा राहील आणि आपण सुटू. बिघडला तर हा जाईल आणि आपण तरीही सुटू. आयुष्यात दोन्ही बाजूंनी सुटका असलेली कामं फार थोडी येतात. त्यांना जरा बरं वाटलं.

सुटायचं अशासाठी, की गाण्याचा तास बाजाराच्या दिवशी दुपारी असे आणि त्या दिवशी अहिरेबाईंना दुपारनंतर तास नसत. गेली कित्येक वर्षं त्या दुपारी त्या घरी जाऊन, पंखा लावून, झोपत. एवढंच एक सुख त्यांनी स्वतःसाठी राखलं होतं, आणि आता त्या वेळी त्या घाटातल्या वळणांवर ट्रकमागे धूर खात असत.

"गाणं बाजाराच्या दिवशीच का ठेवलंय?" त्यांनी एकदा विचारलं.

"गिरणीमुळं," रूपेश म्हणाला.

शाळेच्या भिंतीला लागून हिराबाईंची पिठाची गिरणी होती. बाजाराला आलेल्या बाया नागलीचं, म्हणजे नाचणीचं, दळण घेऊन येत आणि गिरणी सकाळी लागली की संध्याकाळपर्यंत घुमत राही. त्या आवाजात गणित ऐकू येत नाही, अशी गणिताच्या गुरुजींची तक्रार होती. मुख्याध्यापकांनी तोडगा काढला होता: गणित ऐकू येत नाही ना, मग गाणं ठेवा.

सूर कळत नसला तरी काम चोख करायची अहिरेबाईंना सवय होती. ध्वनीचा धडा शिकवण्यासाठी त्यांच्या फोनमध्ये आवाजाची कंपनं मोजणारं एक ॲप होतं. आवाज झाला की त्यातला काटा हले आणि खाली आकडा येई. रूपेशने डोळे मिटून 'सा' लावला. अहिरेबाईंनी हजेरीपटाआड फोन धरला.

"कसा वाटला, मॅडम?"

"दोनशे."

"दोनशे काय?"

"दोनशे हर्ट्झ. बरोब्बर."

रूपेश बघतच राहिला. पेटी शाळेला मंजूर झाली होती, आली नव्हती. आपला सूर खरा की खोटा, हे सांगणारं आजवर त्याला कुणी भेटलंच नव्हतं. इथे तर नुसत्या कानाने ऐकून बाई आकडा सांगत होत्या.

पुढच्या आठवड्यात पुन्हा दोनशे. त्याच्या पुढच्याही. मुलं गायला लागली तरी दोनशे. रूपेश श्वास घ्यायला थांबे तेव्हाही काटा जागचा हलत नसे, आणि अहिरेबाईंनी सरांना कळवलं की शिक्षकाचा सूर श्वास घेतानाही टिकतो. श्रीकृष्ण सरांना ही गोष्ट फार उच्च वाटली. त्यांनी ती मोखाड्याच्या सभेत सांगितली, आणि तिथून अहिरेबाई पक्क्या कानाच्या म्हणून ओळखल्या जाऊ लागल्या. लग्नाच्या बँडवाल्यानेसुद्धा एकदा त्यांना रस्त्यात गाठून विचारलं, "बाई, आमचा क्लॅरनेट जरा ऐकता का?" त्या दिवशी त्यांचा फोन घरी होता. "ठीक आहे," असं सांगून त्या निघून गेल्या, तर बँडवाला महिनाभर उदास होता.

प्रात्यक्षिक पाठ जव्हारच्या सभागृहात ठरला. पाहायला जिल्ह्याहून योगिता मॅडम आल्या होत्या. बारीक चष्मा, कमी बोलणं. नियम असा होता की शाळेत जी वाद्यं असतील तेवढीच वापरायची. खोडाळ्याच्या शाळेत काहीच नसल्यामुळे रूपेश आणि मुलं रिकाम्या हातांनी मंचावर उभी राहिली. नागलीवरचं गाणं रूपेशने स्वतः रचलेलं होतं. अहिरेबाई पहिल्या रांगेत बसल्या. आज संध्याकाळपासून आपण मोकळ्या, या विचाराने त्यांचे डोळे आत्ताच जड होऊ लागले होते.

रूपेशने हात वर केला. सभागृह शांत झालं. मुलंही शांत राहिली. बराच वेळ शांत राहिली.

"म्हणा," रूपेश हळूच म्हणाला.

पुढे उभ्या असलेल्या चैतीने भिंतीकडे बघितलं, मग छताकडे, मग रूपेशकडे. "सर, गिरनी लावा ना."

मागे कुणीतरी हसलं. रूपेशने घाईने स्वतः सूर लावला. मुलांनी माना हलवल्या. त्याने दुसरा लावला.

"हा आपला नाय, सर," चैती म्हणाली.

तिसरा सूर लागला तेव्हा अहिरेबाईंनी सवयीने फोनकडे बघितलं. एकशे सत्याऐंशी. मग दोनशे चौदा. मग एकशे त्र्याण्णव. वर्षभर न हललेला काटा पिसाळल्यासारखा धावत होता. आणि त्या शांत सभागृहात, डोळ्यांवरची झापड उडून, अहिरेबाईंना एक पाढा आठवला. घरात येणारी वीज सेकंदाला पन्नास हेलकावे खाते, हे त्या दरवर्षी दहावीला फळ्यावर लिहून देत. विजेवरची मोटर घुमते ती याच्याच पटीत. पन्नास चोक दोनशे.

वर्षभर त्या हिराबाईंच्या गिरणीला मार्गदर्शन करत होत्या.

आणि रूपेश? पेटी नाही म्हणून तो बिचारा भिंतीपलीकडून येईल तो सूर धरून गात होता, मुलं त्याच्यामागून. गिरणी हीच त्यांची पेटी. ती तर खोडाळ्यात राहिली होती.

अहिरेबाई उठल्या आणि मंचाच्या कडेला गेल्या. "एक मिनिट, मॅडम," त्या योगिता मॅडमना म्हणाल्या आणि त्यांनी फोन लावला.

"हिराबाई, मी जव्हारहून अहिरेबाई. गिरणी चालू आहे का?"

"चालू हाय की. तुमचं दळण हाय का?"

"नाही. फोन गिरणीजवळ धरा."

"काय करू?"

"गिरणीचा आवाज ऐकवा आम्हाला. इथं मुलांना पाहिजे."

"बाई, ऊन लागलं का तुम्हाला?" हिराबाईंनी काळजीने विचारलं. पण माणूस मोठ्या मनाचं. त्यांनी फोन धरला. अहिरेबाईंनी आपला फोन स्पीकरवर टाकून माइकसमोर नेला, आणि सगळ्या सभागृहाला ऐकू आलं:

"धरलाय! येतंय का ऐकू? ए रामे, टोपली सार तिकडं! तुझी नागली काय पळून चालली का? बाई, येतंय का?"

सगळं येत होतं. फक्त गिरणी येत नव्हती. फोन बनवणाऱ्यांनी मोठ्या हुशारीने त्यात अशी सोय केलेली असते, की सलग घुमणारा आवाज गाळायचा आणि माणसाचं बोलणं तेवढं पुढे पाठवायचं. हेही अहिरेबाई वर्गात शिकवत.

"हिराबाई, तुम्ही जरा गप्प बसा, म्हणजे..."

"मी गप्प बसू? फोन कुनी लावला?" हिराबाई म्हणाल्या आणि फोन बंद झाला.

योगिता मॅडमनी घड्याळाकडे बघितलं. श्रीकृष्ण सर दाराच्या दिशेने सरकू लागले. रूपेशने हात खाली घेतले होते. सभागृहाच्या कोपऱ्यात एकावर एक रचलेले दोन स्पीकर होते, आणि तो त्यांच्याकडे बघत होता.

अहिरेबाईंना आपला जुना हिशोब आठवला. पाठ बिघडला तरी आपण सुटतोच. आता फक्त जागेवर जाऊन बसायचं होतं. त्या फार दमल्या होत्या आणि खुर्ची चार पावलांवर होती.

त्यांनी ॲप उघडलं, फोन तळहातावर आडवा धरला, आणि तोंड मिटून त्या घुमल्या.

"हंऽऽऽ"

एकशे बासष्ट. स्वतःचा आवाज बरा की वाईट, हे त्यांना कळत नव्हतं. काटा मात्र कळत होता. टायट्रेशनमध्ये ब्युरेटमधून थेंब थेंब सोडावा तसा त्या आवाज वर नेऊ लागल्या. एकशे ऐंशी. एकशे एक्क्याण्णव. शेवटी शेवटी फार सावकाश, कारण एक थेंब जास्त झाला की सगळं वाया. एकशे अठ्ठ्याण्णव. दोनशे. आणि द्रावण एकदम गुलाबी व्हावं तसे समोरच्या मुलांचे चेहरे बदलले.

"आली!" चैती ओरडली.

मुलं गायला लागली. रूपेशचे हात आपोआप वर गेले. गाणं चांगलं होतं, असं नंतर सगळे म्हणाले. अहिरेबाईंना ते ऐकू आलं नाही. त्यांचे डोळे काट्यावर होते. थांबायची सोय नव्हती, कारण गिरणी थांबत नाही. दुसऱ्या कडव्यात त्यांचा श्वास संपत आला आणि काटा घसरला. मुलंही घसरली, सगळी एकदम, एकही मागे न राहता. त्यांनी श्वास घेऊन काटा परत वर नेला. मुलं परत वर आली. सभागृहात कुणीतरी "वा!" म्हणालं.

गाणं संपलं तेव्हा अहिरेबाई मंचाच्या पायरीवर बसल्या होत्या आणि टाळ्या वाजत होत्या. योगिता मॅडम जवळ आल्या.

"मुलं एका सुरात आहेत," त्या रूपेशला म्हणाल्या. "घसरतानासुद्धा एका सुरात. हे मी फार कमी ठिकाणी बघितलंय. तुम्हाला ठेवायला हरकत नाही."

 रूपेश वाकून अहिरेबाईंच्या पाया पडला, मग योगिता मॅडमच्या, मग चुकून श्रीकृष्ण सरांच्याही.

"पण एक आहे," योगिता मॅडम म्हणाल्या. "यांच्या सुराशिवाय तुमचं अजून सुरू होत नाही. मार्गदर्शकांना एवढ्यात सोडता येणार नाही. आणखी एक वर्ष."

अहिरेबाईंनी मान वर केली. अशी तिसरी बाजू त्यांच्या हिशोबात नव्हतीच.

"मॅडम," श्रीकृष्ण सर दारातून म्हणाले, "म्हटलं नव्हतं मी, ध्वनी तुमचाच विषय?"

"तुम्ही म्हणाला होतात, गायचं नाहीये," अहिरेबाई म्हणाल्या. पण सर निघाले होते.

पुढच्या बाजाराच्या दिवशी अहिरेबाई घाट उतरून, चढून खोडाळ्याला पोचल्या तेव्हा शाळेभोवती फार शांतता होती. गिरणीचा पट्टा तुटला होता. दाराला कुलूप लावून हिराबाई नवा पट्टा आणायला मोखाड्याला गेल्या होत्या. वर्गात मुलं ओळीने उभी होती आणि रूपेश खिडकीतून रस्त्याकडे बघत होता.

"आली, आली!" चैती म्हणाली.

अहिरेबाईंनी हेल्मेट खाली ठेवलं. खुर्ची भिंतीला लावली, डोकं टेकवलं, डोळे मिटले. फोन पिशवीतच राहिला. काढायचा कंटाळा आला होता. त्या घुमल्या, आणि मुलं विनातक्रार गायला लागली.

पहिलं कडवं संपायच्या आत दारात कुणीतरी येऊन उभं राहिलं. डोक्यावर नागलीची टोपली घेतलेली रामी होती. तिने कुलूप लावलेल्या गिरणीकडे बघितलं, मग वर्गात डोकावून अहिरेबाईंकडे बघितलं, आणि टोपली उंबऱ्यावर टेकवली.

"बाई," ती म्हणाली, "माझा नंबर कधी येल?"

अहिरेबाईंनी डोळे न उघडता एक बोट वर केलं. हे कडवं झालं की.