गंगावेशीतलं दूध आणि शंभरची गोळी

शिरोलीच्या फाउंड्रीत मी तीस वर्षं भट्टी सांभाळली. लोखंडाचा नुसता रंग बघून ताव सांगायचो! अशा माणसाला बायकोची एक चिमुकली गोळी सांभाळता येऊ नये?

२००४ साली मला सत्तरावं लागलं आणि मी शिवलीलाचं थायरॉईड ताब्यात घेतलं. तिचं शरीर स्वतःच्याच गळ्यातल्या ग्रंथीशी भांडतं म्हणे. ग्रंथी दमलेली, म्हणून वीस वर्षं रोज शंभरची, म्हणजे शंभर मायक्रोग्रॅमची गोळी. पहिल्याच सकाळी चोरी पकडली! बाईसाहेब गोळी पदराच्या गाठीत बांधून गंगावेशीतल्या दूधकट्ट्यावर जायच्या आणि म्हशीच्या धारोष्ण दुधाबरोबर गिळायच्या!

"अगं, गोळी उपाशीपोटी, पाण्याबरोबर! दुधानं ती अंगाला लागत न्हाय!"

"वीस वर्षं लागली की!"

"दूध बंद! उद्यापासनं पाच वाजता मी देणार!"

दोन महिन्यांत चमत्कार! दुपारी लवंडणारी बाई पहाटेच पडदे धुवायला लागली, माळा रिकामा करायला लागली. शेजारचा केरबा म्हणाला, "अण्णा, वहिनी लई जोरात हाईत!"

"मग! औषध कुणाच्या हातचं हाय?"

ती बारीक झाली, मी कौतुक केलं. चहा देताना बशी वाजायची, मी म्हटलं, उत्साह!

एके दिवशी पापडाचा डबा काढता काढता ती मटकन खाली बसली. हात छातीवर. नाडी धरली तर ठोके मोजता येईनात! तिला धरून मी दवाखान्याकडं धावलो. रिक्षात बसल्यावर कळलं, माझ्या पायात तिच्या चपला होत्या.

डॉक्टर अक्षतांनी हृदयाचा आलेख काढला, रक्ताचा रिपोर्ट बघितला.

"काका, दुधामुळं बरीच गोळी वाया जात होती. तुम्ही दूध तोडलंत, ती सगळी लागू पडली. त्यात काकू सहासष्ट वर्षांच्या. वय वाढलं की शरीराला हे औषध कमी लागतं आणि जास्त झालं तर हृदयाला सोसत नाही. तपासणी कधी केली होती?"

तपासणीचं माझ्या ध्यानातच आलं नव्हतं!

सुदैवानं वेळेत पोहोचलो होतो. गोळी पंचाहत्तरची झाली, दीड महिन्यानं पुन्हा रक्त तपासायचं ठरलं. परतताना मी चिडलो. भीतीच वाटली होती, दुसरं काय!

"इतकं धडधडत हुतं, तर सांगायचं न्हाय व्हय?"

ती रस्त्याकडं बघत म्हणाली, "पंचेचाळीस वर्षांत पहिल्यांदा तुम्ही माझ्या आधी उठून हातात पाण्याचा पेला देत हुता. सांगितलं, तर परत झोपून ऱ्हाशीला, असं वाटलं."

मला रिक्षातच रडू आलं. केरबाला सांगू नका!

अजूनही पाचला मीच उठतो. फक्त गोळ्यांची डबी आता तिच्या कपाटात, किल्ली तिच्या कमरेला. माझ्याकडं पाण्याचं खातं तेवढं ठेवलंय, तेही पेला विसळून घेतला का, हे तिनं विचारल्यावरच!