नाव बदललं, बटण दाबा

बाबांना काम एवढंच होतं: पडद्यावर ‘नाव बदललं’ अशी अक्षरं आली रे आली, की भिंतीवरचं बटण खटकन बंद करायचं. मुलाच्या कंपनीचा प्रोग्रॅम सोमवारपासून एका इस्पितळात रुग्णांची माहिती साठवणार होता. माहिती बदलली की तो नवी फाइल लिही, तिला जुनीचं नाव देई आणि जुनीला निरोप देई. नेमकी त्याच क्षणी वीज गेली, तरी जुनी किंवा नवी, एक फाइल धड उरायला हवी. नाहीतर डॉक्टर बघणार काय, कपाळ? ‘उरते’ असं संध्याकाळपर्यंत सहीनिशी लिहून देणं मुलाच्या गळ्यात पडलं होतं.

बाबांची उभी हयात वीज कंपनीत गेलेली. लोकांचे दिवे जाऊ नयेत म्हणून वादळात खांबावर चढणारा माणूस आता मुलाखातर वीज घालवत बसला होता. शेजारच्या खोलीत मुलगा आपल्या संगणकावरून दर वेळी फाइल तपासून खूश होत होता. चाळीसच्या चाळीस वेळा ठणठणीत. साडेपाचला त्याने सहीचा कागद काढला.

बाबा पाय मोकळे करायला गॅलरीत गेले होते आणि आईला इस्त्री करायची होती. चाचणी चालूच होती. तिने पडद्याकडे ढुंकूनही न बघता चाचणीच्या संगणकाची पिन उपटली आणि इस्त्रीची खोचली.

यंत्र पुन्हा सुरू केल्यावर फाइल दिसली, पण आत एकही अक्षर नव्हतं. जुनीचाही पत्ता नाही. मुलगा पांढराफटक पडला.

“मी काही बिघडवलं का रे?” आईने ओशाळून विचारलं.

“नाही गं. तुझंच एकटीचं बरोबर आहे.”

मग बाबांची उलटतपासणी झाली.

“यंत्र लिहीत असलं की त्याचा तो दिवा लुकलुकतो ना, तो थांबला, की मग बंद करायचो. काम करणाऱ्याची वीज तोडवत नाही रे मला.”

त्या प्रेमळ माणसावर रागवायचं तरी कसं? मुलगा कामाला लागला. चूक सापडली, दोन ओळी वाढल्या. आईने सात-आठदा निर्दयपणे पिन उपटली, फाइल शाबूत राहिली.

बाबा मात्र खट्टू होते. “घोळ काय होता शेवटी?”

“प्रोग्रॅम घाई करत होता, बाबा. आता मजकूर डिस्कवर पूर्ण उतरेपर्यंत थांबतो, मगच नाव बदलतो.”

“म्हणजे दिवा थांबेपर्यंत?”

“हो.”

“मग सकाळपासून मी काय वेगळं करत होतो?”

मुलाने कागद पुढे ओढला आणि लिहिलं: तपासणी, आई. दुरुस्ती, बाबा. मग खाली सही केली.