आमचा सराव आणि कॉलनीच्या घागरी

दहा किलोमीटर! एका दमात, न थांबता, न बसता! असं मी जेवताना जाहीर केलं, तेव्हा घरातल्या एकानंही मान वर केली नाही. मोठ्यानं लोणचं मागितलं, धाकट्यानं उद्याच्या डब्याचं विचारलं. सासूबाई तेवढ्या बोलल्या, "पळ बाई, पळ. पण घामाचं अंग धुवायला पाणी कुठून आणणार हायस?"

प्रश्न रास्त होता. सोळा सालचा उन्हाळा होता तो. लातूरला रेल्वेनं पाणी आलं हे तुम्ही पेपरात वाचलं असेल. आम्ही ते प्यायलो! लातूर जिल्हा झाला ब्याऐंशी साली आणि माझा जन्मही त्याच सालचा. वडील कौतुकानं म्हणायचे, "आमची पंचशीला आन् जिल्हा जुळे हायत." आता चौतिशीला दोघांचाही दम गेला होता. जिल्ह्याचं माझ्या हातात काही नव्हतं. म्हटलं, निदान स्वतःचं तरी बघावं.

दिवाळीनंतर नांदेडला बायकांची दौड होती. तिघींनी नावं दिली. मी, कापड दुकानवाल्या चन्नबसप्पांची सून शिवकांता आणि बालवाडीच्या उमाबाई. वेळ पहाटे साडेपाचची, कारण त्यानंतरचा माझा दिवस माझा नसतोच. डबे, शाळा, जिल्हा परिषदेतलं टेबल, परत डबे! पंधरा दिवस आम्ही शाळेच्या मैदानावर गोल गोल पळालो. कुणाला त्रास नाही, कुणाचा आम्हाला नाही.

मग तो रविवार आला. त्या दिवशी माझ्या नणंदेला, विशाखाला, बघायला कंधारहून पाहुणे येणार होते. मुलगा शाळेत मास्तर. फोटो बघूनच विशाखा गप्प झाली होती, आणि आमची विशाखा गप्प होणं म्हणजे पसंतीच! पाहुणे नऊला येणार. घरात पाणी दीड घागर. टँकर येऊन नऊ दिवस झालेले. यांची ड्यूटी डेपोत. सासूबाई म्हणाल्या, "आज नको जाऊ."

"आत्या, साडेसहाला परत येते! टँकर काय एवढ्या पहाटे येतोय?"

मैदानाला नेमकं कुलूप. कुठलीशी परीक्षा होती म्हणे. मी म्हटलं, "त्यात काय! कॉलनीतून पळू, नांदेड रोडला लागू."

आता आमच्या कॉलनीचा एक रिवाज सांगते. टँकर कधी येईल, कुठल्या कोपऱ्यावर थांबेल, हे त्याच्या ड्रायव्हरलाही ठाऊक नसायचं. म्हणून सगळ्यांच्या घागरी दाराबाहेर तयार, आणि कुणीही पळताना दिसलं की त्याच्यामागं पळायचं. विचारत बसायचं नाही. विचारणाऱ्याचा नंबर जातो! हे मला माहीत होतं हो. मी स्वतः दोनदा अशी पळालेय. पण त्या पहाटे डोक्यात फक्त दहा किलोमीटर होते.

शेजारचे व्यंकटराव ओट्यावर दात घासत बसले होते. तीन बायका तोंडातून शब्द न काढता त्यांच्यासमोरून पळत गेल्या. ब्रश तसाच तोंडात ठेवून ते आत ओरडले, "अगं ऊठ! घागर घे!"

दोन गल्ल्या ओलांडल्या आणि मागून भांड्यांचा खणखणाट ऐकू यायला लागला. उमाबाईंनी मागं बघितलं. "पंचशीला, लोक पळायलेत!"

"किती?"

"सगळेच!"

शिवकांता किंचाळली, "टँकर आला वाटतं! पळा गं, नंबर जाईल!"

झालं! आम्ही जीव तोडून पळायला लागलो. आम्ही वेग वाढवला म्हणून त्यांनी वाढवला, त्यांनी वाढवला म्हणून आम्ही! नांदेड रोड लागला. पलीकडच्या कॉलनीतली माणसंही कळश्या घेऊन सामील झाली. एक जण तर दाढीला साबण लावलेल्या अवस्थेत पळत होता, आणि त्या दिवसांत साबण लावणं म्हणजे केवढी चैन!

समोरून एक जीप आली आणि आम्हाला बघून थांबली. आतून एका म्हाताऱ्या बाईनं डोकं बाहेर काढलं. "काय झालं ओ? कुठं आग लागली का?"

"टँकर!" मी न थांबता ओरडले.

"टँकर? आम्ही तिकडूनच आलो की. रस्त्याला एक बी दिसला न्हाई."

आता मात्र माझे पाय आपोआप थांबले. कळशी छातीशी धरून व्यंकटराव येऊन पोचले. "कुठाय?"

"काय कुठाय?"

"टँकर!"

"मला काय विचारता काका? तुम्ही पळायलाव म्हणून आम्ही पळालो!"

"आन् आम्ही तुमच्यामागं!"

रस्त्यावर शंभरेक माणसांनी तेवढीच भांडी खाली टेकवली. तेवढ्यात व्यंकटरावांच्या खिशातला फोन वाजला. पलीकडून सासूबाईंचा आवाज मला चार हातांवरून ऐकू आला, "अहो, टँकर आलाय दारात! गल्लीत कुत्रं बी न्हाई! कुठं उलथलात समदे?"

पाच किलोमीटर आलो होतो. पाच किलोमीटर परत पळालो! झाले की दहा, पण तेव्हा मोजतंय कोण?

पोचलो तेव्हा टँकर गेलेला. सगळ्यांच्या घागरी माझ्यामागं फिरायला गेलेल्या, म्हणून भरल्या फक्त आमच्या. सासूबाईंनी गुडघ्यांना तेल चोळत-चोळत ड्रायव्हरकडून दोन्ही पिंपं, पातेली, परात, पोरांच्या बाटल्यासुद्धा भरून घेतल्या होत्या. व्यंकटरावांच्या सौ. कमरेवर हात ठेवून म्हणाल्या, "तुमचा सराव, आमची तहान! वा गं वा!"

काय तोंडानं बोलणार? आमच्या गल्लीत घरटी एक-एक घागर वाटली. पिंपं रिकामी झाली. शेवटी आमच्यापुरत्या दोन घागरी उरल्या, तेव्हा मला रडू आलं. पाहुण्यांना हात धुवायला तरी देता येईल की नाही, एवढीच चिंता होती.

पदरानं तोंड पुसत आत गेले, तर खुर्चीवर जीपमधली म्हातारी! उन्हाच्या आत पोचावं म्हणून पाहुणे तीन तास आधीच निघाले होते. शेजारी मान खाली घातलेला मुलगा.

"जय भीम," मी कसंबसं म्हटलं.

"जय भीम. अगं, ही तर समद्यांच्या पुढं पळत होती!" मुलाची आई, नागुबाई, माझ्याकडं बोट दाखवून म्हणाल्या.

विशाखा पोह्यांचा ट्रे घेऊन दारातच उभी होती. तिचे डोळे भरलेले बघून मी घाबरले. माझ्या पळण्यापायी पोरीचं जमलेलं मोडतंय! मी हात जोडले. "मावशी, चूक माझी. विशाखा तसली नाही हो! लई शांत पोरगी. ती जन्मात कधी पळाली नाही."

"पळत न्हाई?" नागुबाईंचा चेहराच उतरला. "आमच्याकडं टँकर येशीबाहेर थांबतो गं. आता माझ्यानं पळवत न्हाई. तुला बघून म्हटलं, या घरची पोरगी म्हंजे आपलं काम झालं!"

मी जीभ चावली. सासूबाईंनी माझ्याकडं ज्या नजरेनं बघितलं ते लिहिण्यासारखं नाही.

तेवढ्यात आमच्या शांत पोरीनं ट्रे टेबलावर ठेवला आणि सरळ मुलाला विचारलं, "तुम्ही पळता का?"

मुलगा कानापर्यंत लाल झाला. "पळतो. पण पोचत न्हाई."

आधी नागुबाई हसल्या, मग सासूबाई, आणि मग विशाखा. तिला हसताना बघून माझा जीव भांड्यात पडला. नागुबाई म्हणाल्या, "मग दोघांना बी शिकव बाई. तूच शिकव."

तेव्हापासून दर रविवारी पोरगा कंधारहून पहिल्या एसटीनं सरावाला येतो. शाळेच्या मैदानाची एक फेरी मारायला त्या दोघांना दोन तास लागतात. आणि मी प्रशिक्षक ना! कुंपणाबाहेर उभी असते, मैदानाकडं पाठ करून.